गॅस्केट घरी कापता आले पाहिजे

अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत नारळ-सुपारीची वाडी उन्हाळा काढते ती विहिरीच्या जोरावर. सुपारीची मुळे उथळ, जमीन रेताड, आणि पावसाळा सुरू होईपर्यंत शिंपणे चुकले की झाड मान टाकते. विहिरीचे पाणी वाडीत आणणारा पंप कितीही अश्वशक्तीचा असो, त्याच्या सक्शन पाइपच्या जोडात दोन लोखंडी फ्लँजांमध्ये दाबून बसवलेले तीन-चार मिलिमीटरचे रबर कडक होऊन चिरले की तो पाणी उचलत नाही. मोटर फिरते, आवाज नेहमीचाच येतो, मीटर पुढे सरकत राहतो. पाटात मात्र पाणी नसते. दुकानात त्या मापाचे पॅकिंग मिळत नाही, कंपनीने ते मॉडेल बंद केलेले असते, आणि मग सल्ला मिळतो की पंप जुना झाला, नवा घ्या. काही रुपयांच्या रबरापायी चालता पंप भंगारात जातो, आणि हे इतके अंगवळणी पडले आहे की त्यात काही वावगे आहे असे वाटेनासे झाले आहे. माझे म्हणणे असे की हे रबर, म्हणजेच गॅस्केट, घरी कापता येणे ही या किनाऱ्यावरच्या प्रत्येक घरात असायला हवी अशी विद्या आहे. पैसे वाचतात हे त्याचे एक कारण झाले. त्याहून मोठे कारण असे की गॅस्केट कसे काम करते हे ज्याला कळते, त्यालाच ते कुठे स्वतः कापू नये हेही कळते. हात चालवण्याचे आणि हात आवरण्याचे शहाणपण एकाच ज्ञानातून येते, आणि ते ज्ञान सोडून दिले की दोन्ही जातात.

आधी हे रबर करते काय, ते पाहू. लोखंडाचे दोन पृष्ठभाग कितीही घासले तरी तंतोतंत सपाट होत नाहीत. सूक्ष्म खड्डे राहतातच. खाऱ्या हवेत तर दोन पावसाळ्यांत फ्लँजच्या तोंडावर गंजाचे खळगे दिसू लागतात. बोल्ट आवळले की मधले रबर दबते, त्या खळग्यांत शिरते आणि मूळ आकारात परत येण्याच्या ओढीने दोन्ही बाजूंना सतत रेटत राहते. गळती थांबते ती या रेट्याने. म्हणून गॅस्केट चिकटवून काम करत नाही. ते परत येण्याच्या ताकदीवर काम करते. उष्णता, तेल, ऊन आणि वर्षे यांनी ती ताकद गेली की रबर दाबलेल्या आकारातच राहते. मग बोल्ट कितीही पिळले तरी उपयोग नाही. 1839 मध्ये चार्ल्स गुडइयरला गंधक आणि उष्णता देऊन रबर टिकाऊ करण्याची रीत सापडली, तेव्हापासून यंत्रयुगाचे सांधे या एका गुणावर उभे आहेत. हा गुण हरवला तर काय होते, हे 28 जानेवारी 1986 रोजी जगाने पाहिले. अमेरिकेचे चॅलेंजर यान त्या दिवशीच्या थंडीत उडाले. बाजूच्या रॉकेटच्या जोडातली रबरी ओ-रिंग थंडीने ताठरली आणि पुरेशा वेगाने परत फुलली नाही. सात अंतराळवीरांचा जीव गेला. पुढे चौकशीच्या सुनावणीत रिचर्ड फाइनमन या शास्त्रज्ञाने त्याच रबराचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात धरला आणि बाहेर काढून सोडला, तेव्हा तो लगेच सरळ झाला नाही. ज्या वस्तूला आपण 'साधे वायसर' म्हणून फेकून देतो, तिच्या स्वभावाची एवढी किंमत आहे.

सांधा बंद ठेवण्याची ही कला या किनाऱ्याला नवी नाही. लाकडी होडीच्या फळ्यांमधल्या फटींत कापूस ठोकून वर राळ आणि तेलाचा लेप देणे म्हणजे गॅस्केटच होते. पाण्यात लाकूड फुगते, फट आवळते, कापूस दाबला जातो आणि पाणी आत येत नाही, हे तत्त्व कोळीवाड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हाताळले. अलिबागजवळच्या अष्टागरातल्या वाड्या रहाटावर शिंपल्या जात तेव्हाही तसेच होते. मडके फुटले की दुसरे बांधायचे, दोर कुजला की नवा वळायचा, चाकाचा दात झिजला की गावचा सुतार बसवून देई. देशावर मोटेचे चामडे फाटले की गावचाच चांभार शिवून देई. त्या जुन्या व्यवस्थेत जातीची बंधने होती आणि कष्टाला मोल नव्हते. तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण तिच्यात पाणी उचलणारे साधन आणि ते दुरुस्त करणारा हात एकाच गावात होते. पुढे डिझेल इंजिने आणि विजेचे पंप आले, कष्ट कमी झाले, वाड्या वाढल्या. साधन गावात आले, पण ते दुरुस्त करण्याचे ज्ञान कारखान्यात आणि शहरात राहिले. यंत्र आणण्यात चूक काहीच नव्हती. चूक झाली ती त्याच्याबरोबर त्याची समज आणली नाही ही.

ही समज मुद्दाम आणता येते, याचा उत्तम दाखला महाराष्ट्रातच आहे. खडकाळ भागात कूपनलिका खोदल्या जाऊ लागल्या तेव्हा त्यांवर बसवलेले बिडाचे घरगुती हातपंप गावाचा वापर सोसेनात आणि भराभर बंद पडू लागले. जालना आणि सोलापूर इथे विहिरींचे काम करणाऱ्या मिशन संस्थांच्या कारागिरांनी त्यावर मजबूत पोलादी पंप घडवले. ते जालना पंप आणि सोलापूर पंप म्हणून ओळखले गेले. त्यांच्या अनुभवावरून 1970च्या दशकात युनिसेफच्या सहकार्याने 'इंडिया मार्क टू' हा हातपंप तयार झाला आणि तो पुढे जगभर गेला. त्याचाही दुखरा भाग सांधाच होता. जमिनीखालच्या सिलिंडरमधले चामड्याचे वायसर झिजत, आणि ते बदलायला सगळे पाइप वर ओढून काढावे लागत. त्यासाठी फिरते पथक, गाडी आणि अवजारे लागत. 1980च्या दशकात कोइमतूर भागात प्रत्यक्ष गावांत चाचण्या झाल्या, चामड्याऐवजी नायट्राइल रबराचे वायसर बसवून पाहिले गेले आणि ते कितीतरी जास्त टिकले. त्यातून 'इंडिया मार्क थ्री'ची रचना पुढे आली. तिच्यात पाइप न काढता वायसर वर घेता येते, म्हणजे थोड्या अवजारांनिशी गावातलीच माणसे ते बदलू शकतात. यातून दोन गोष्टी सिद्ध होतात. पहिली, योग्य रबर निवडले तर सांध्याचे आयुष्य बदलते. दुसरी, दुरुस्ती गावाच्या हाताला यावी असे ठरवून यंत्र बनवता येते. म्हणजे दुरुस्ती अवघड असणे हा यंत्राचा निसर्गधर्म नव्हे. बनवणाऱ्याने तसे ठरवलेले असते.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ, कारण 'घरी कापा' एवढे सांगून भागत नाही. पंपाच्या फ्लँजचे गॅस्केट कापायला लागते रबराची शीट, धारदार पाते, कंपास, पातळ पुठ्ठा आणि भोके पाडायचा पंच. पंच नसेल तर योग्य व्यासाच्या पोलादी नळीची कड कानशीने धारदार करून घेता येते. फ्लँज आधी नीट खरवडून स्वच्छ करावी. जुन्या रबराचा चिकटलेला तुकडा राहिला तर नवे गॅस्केट तिथेच गळणार. मग पुठ्ठा फ्लँजवर ठेवून तेलकट बोटाने कडांवरून घासले की भोकांचा आणि कडांचा ठसा उठतो. तो ठसा हाच नमुना. फ्लँजवरच कागद ठेवून हातोडीने ठोकून कापायची सवय अनेकांना असते. बिडाच्या फ्लँजवर ती खपते, ॲल्युमिनियमची कड मात्र त्याने चेपते आणि जोड कायमचा बिघडतो. जाडी ठरवताना जुन्या गॅस्केटचा बोल्टांखाली दबलेला भाग मोजू नये, तो आधीच पातळ झालेला असतो. दाबाबाहेर राहिलेली कड मोजावी. कापण्याचा क्रमही महत्त्वाचा. बोल्टची भोके आधी, मग आतले वर्तुळ, बाहेरची कड सर्वांत शेवटी. कारण बाहेरचे रबर शाबूत असेपर्यंत शीट हातात घट्ट धरता येते. भोके बोल्टपेक्षा किंचित मोठी ठेवावीत आणि आतले वर्तुळ पाइपच्या तोंडापेक्षा लहान होऊ देऊ नये, नाहीतर रबराची जीभ पाण्याच्या वाटेत येते. पात्याला साबणाचे पाणी लावले की काप स्वच्छ येतो.

बसवताना बोल्ट एका ओळीने पिळू नयेत. समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे आवळावेत, म्हणजे दाब सगळीकडे सारखा बसतो. रबर दाबले की त्याचे आकारमान कमी होत नाही, ते फक्त बाजूला सरकते. म्हणून कडेने फुगून बाहेर येईपर्यंत आवळणे म्हणजे घट्टपणा नव्हे, ते गॅस्केटला मारणे आहे. वरून सीलंट थापण्याचा मोह टाळावा. आत पिळले गेलेले सीलंट तुटून पाण्याबरोबर जाते आणि दुसरीकडे अडकते. सक्शनच्या जोडाची एक खास गोम अशी की तिथली गळती दिसत नाही. पंप चालू असताना त्या पाइपात बाहेरच्या हवेपेक्षा दाब कमी असतो, त्यामुळे पाणी बाहेर ठिबकण्याऐवजी हवा आत शिरते. अशा वेळी संशयित जोडाभोवती घट्ट ग्रीस चोपडावे. धार सुधारली तर हवा तिथूनच जाते आहे. एवढे कळले की फूट व्हॉल्व, मोटर आणि वाइंडिंग यांवर फुकट होणारा खर्च वाचतो. दिसणाऱ्या गळतीचाही हिशेब करून पाहावा. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला 86,400 थेंब. थेंब पाव मिलिलिटरचा धरला तरी 20 लिटरहून जास्त पाणी. मे महिन्यात ज्या गावात टँकरची वाट पाहिली जाते, तिथे टाकीच्या जोडातून रोज एवढे पाणी जाऊ देणे परवडण्यासारखे नाही.

सर्वांत जास्त चुका होतात त्या रबर निवडताना. काळी शीट दिसली की ती 'रबर' म्हणून घेतली जाते, आणि ती नाही मिळाली की गाडीची जुनी ट्यूब कापली जाते. पण सगळी काळी रबरे एक नसतात. नैसर्गिक रबर पाण्यात चांगले चालते, डिझेलमध्ये मात्र फुगून लिबलिबीत होते. ट्यूबचे ब्यूटिल रबरही तेलाला टिकत नाही. डिझेल आणि तेलासाठी नायट्राइल हवे. ईपीडीएम पाण्याला, उन्हाला आणि वाफेला उत्तम, पण तेलाशी त्याचे वाकडे. खाऱ्या वाऱ्यात उघड्यावर राहणाऱ्या जोडाला निओप्रीन बरे. उष्णता आणि अन्न यांच्याशी संबंध आला की सिलिकॉन, तेही खाद्यवापरासाठी बनवलेले. पिण्याच्या पाण्याच्या जोडात टायर-ट्यूबचे रबर कधीही घालू नये. ते त्या कामासाठी बनवलेले नसते. डोळ्यांनी फरक ओळखता येत नसेल तर साधी परीक्षा आहे. रबराचा तुकडा मोजून दोन दिवस डिझेलमध्ये बुडवून ठेवावा. फुगला किंवा मऊ पडला तर इंजिनाच्या इंधनाजवळ त्याला जागा नाही. उरलेली शीट घडी न घालता, अंधारात आणि चालत्या मोटारीपासून दूर ठेवावी, कारण ऊन आणि विजेच्या ठिणग्यांतून होणारा ओझोन रबराला चिरा पाडतो. हे ज्ञान फार मोठे नाही, एका पानावर मावेल एवढे आहे. पण ते पान आपल्या घरांत, शाळांत आणि दुकानांत नाही.

मासेमारीच्या बोटीवर तर कापण्याजोगा जोड आणि हात न लावण्याजोगा जोड एकाच इंजिनावर भेटतात. समुद्राचे पाणी खेचून इंजिन थंड ठेवणाऱ्या पंपाच्या झाकणाखाली कागदाचे पातळ गॅस्केट असते. बोट किनाऱ्यापासून दूर असताना ते फाटले आणि ड्रायव्हरला ते कापता आले, तर बोट स्वतःच्या ताकदीने परत येते. पण इथे 'जाड घातले म्हणजे जास्त टिकेल' असे समजून दोन मिलिमीटरचे रबर घातले, तर आतला रबरी पंखा आणि झाकण यांत पोकळी राहते, पंप पाणी खेचत नाही आणि इंजिन तापून बसते. जाडी म्हणजे केवळ भरणा नाही, ते यंत्राचे माप आहे. त्याच इंजिनाचे हेड गॅस्केट मात्र घरी कापायची गोष्टच नाही. ते ज्वलनाचा दाब आणि उष्णता सोसते आणि त्याची रचना कारखान्यातच होऊ शकते. एक्झॉस्टच्या जोडाला तर रबर चालतच नाही. जुन्या इंजिनांवरची करडी, तंतुमय गॅस्केटे ॲसबेस्टॉसची असू शकतात. भारतात ॲसबेस्टॉसच्या खाणी थांबल्या तरी त्याचा वापर पूर्ण थांबलेला नाही, आणि जागतिक आरोग्य संघटना त्याचे सर्व प्रकार कर्करोगकारक मानते. असे गॅस्केट कोरडे खरवडून त्याची धूळ उडवू नये, ओले करून काढावे आणि नवे कापताना ती शीट वापरूच नये. ज्या नाखवाला किंवा तांडेलाला एवढे माहीत असते, तो बोटीवर कागद आणि नायट्राइलची शीट बाळगतो आणि हेड गॅस्केट तयार विकत घेऊन ठेवतो. मी ज्याला विद्या म्हणतो आहे, ती ही.

यावर पहिला आणि सर्वांत गंभीर आक्षेप सुरक्षेचा आहे. लोकांना घरी गॅस्केट कापायला सांगितले तर उद्या ते कुकरची रिंगही कापतील. या आक्षेपाला उडवून लावता येणार नाही, त्याचे उत्तर आकड्यांनी द्यायला हवे. प्रेशर कुकरमध्ये दाब सुमारे एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर आणि तापमान 120 अंशांच्या आसपास असते. वीस सेंटिमीटर व्यासाच्या झाकणाचे क्षेत्रफळ 314 चौरस सेंटिमीटर, म्हणजे त्या झाकणावर आतून तीनशे किलोहून जास्त जोर. शिवाय बाहेरून बसणाऱ्या झाकणाच्या अनेक कुकरांत रिंग हीच सुरक्षेची शेवटची सोय असते. सेफ्टी व्हॉल्वही चालला नाही तर झाकणाच्या कडेला ठेवलेल्या खिडकीतून रिंग बाहेर ढकलली जाते आणि वाफ सुटते. घरी कापलेली, जास्त जाड किंवा ताठर रिंग तिथे बाहेर येणार नाही, आणि मग फुटायचे ते भांडे फुटेल. म्हणूनच कुकरच्या रिंगला आयएस 7466 हे वेगळे भारतीय मानक आहे आणि घरगुती कुकरला 1 फेब्रुवारी 2021पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. गॅस सिलिंडरच्या व्हॉल्वमधली ओ-रिंग, रेग्युलेटर आणि नळी यांची दुरुस्तीही घरी कधी करू नये. गळती वाटली तर रेग्युलेटर बंद करून, दारे-खिडक्या उघडून 1906 या क्रमांकावर कळवावे.

म्हणजे सीमारेषा स्पष्ट आहे. जोड सुटला तर पाणी सांडणार असेल, काम थांबणार असेल, तर गॅस्केट घरी कापावे. जोड सुटला तर भाजणार, भडका उडणार किंवा जीव जाणार असेल, तर मानकाचा शिक्का असलेले मूळ गॅस्केटच घ्यावे. ही रेषा अज्ञानाने पाळली जात नाही. आज ज्या घरांत कुकरच्या सैल रिंगखाली दोरा किंवा कापड घालून शिट्टी आणली जाते, तिथे कोणी गॅस्केट कापायला शिकवले म्हणून तसे होत नाही. रिंग काय काम करते हे कोणी सांगितले नाही म्हणून होते. पोहायला शिकवले तर मुले समुद्रात जातील म्हणून किनाऱ्यावरची माणसे पोहणे शिकवायचे थांबवत नाहीत. उलट, ओहोटीची ओढ कशी असते हे शिकलेल्यालाच ठाऊक असते.

दुसरा आक्षेप असा की तयार गॅस्केट स्वस्तात मिळते, मग एवढी खटपट कशाला? मिळत असेल तर जरूर घ्यावे. त्यात वाद नाही. प्रश्न न मिळण्याचा आहे. पंप, रबर आणि पॅकिंग यांची मोठी बाजारपेठ म्हणजे मुंबईतली नागदेवी स्ट्रीट, आणि गेटवे ते मांडवा ही प्रवासी लाँचसेवा पावसाळ्यात बंद असते. श्रीवर्धन-म्हसळ्याकडच्या माणसाला तर एका चकतीसाठी दिवस मोडावा लागतो. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, लाखो नारळी-पोफळी आडव्या झाल्या, अनेक गावांत वीज परत यायला कित्येक आठवडे लागले आणि टाळेबंदीमुळे वाहतूकही अपुरी होती. अशा दिवसांत विहिरीवरचे डिझेल इंजिन चालले तरच घरात पाणी. ते एका जोडासाठी बंद पडले तर सुटा भाग आणायचा कुठून? वादळे या किनाऱ्याला पुन्हा येणार आहेत. आपत्तीच्या तयारीत आपण मेणबत्त्या, औषधे आणि धान्य मोजतो. यंत्र चालू ठेवण्याचे कौशल्यही त्याच यादीत हवे.

तिसरा आक्षेप टिकाऊपणाचा. घरी कापलेले गॅस्केट तात्पुरते असते, आणि तात्पुरती सोय आपल्याकडे कायमची होऊन बसते. हे खरे आहे, आणि त्याचा उपाय शिस्त हा आहे. कोणते रबर, किती जाडीचे, कोणत्या तारखेला बसवले हे जोडाजवळ रंगाने किंवा चिठ्ठीवर लिहून ठेवावे आणि दरवर्षी शिंपणे सुरू होण्याआधी पाहावे. बोटींना तर पावसाळी मासेमारी बंदीचा काळ आहेच. योग्य रबर निवडून सपाट फ्लँजमध्ये नीट बसवलेले गॅस्केट मूळच्या तोडीस तोड चालते, कारण पाण्याच्या साध्या जोडांची कारखान्यातली गॅस्केटेही अशाच शीटमधून कापलेली असतात. चौथा आक्षेप असा की यामुळे गावच्या फिटरच्या पोटावर पाय येईल. प्रत्यक्षात त्याच्या पोटावर पाय आणला आहे तो 'दुरुस्त करू नका, बदला' या व्यवहाराने. ज्या घराला सांध्याची किंमत कळते, ते घर चांगल्या फिटरचीही कदर करते आणि अवघड काम त्याच्याकडेच नेते. वॉरंटीतल्या यंत्राला मात्र हात लावू नये. तिथे जबाबदारी कंपनीची आहे आणि ती तिच्याकडून करून घ्यावी.

माणसांच्या कौशल्याबरोबर कंपन्यांचे आणि सरकारचे कर्तव्यही येते. युरोपीय संघात मार्च 2021पासून लागू असलेल्या नियमांनुसार फ्रिजच्या दाराचे गॅस्केट, त्या मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यानंतर किमान 10 वर्षे उपलब्ध ठेवणे उत्पादकांवर बंधनकारक आहे. नियमात गॅस्केटचे नाव वेगळे घातले आहे. फ्रिज भंगारात जाण्यामागे अनेकदा असे छोटे भागच असतात. भारतात केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी जुलै 2022 मध्ये समिती नेमली आणि ज्या चार क्षेत्रांवर भर दिला त्यांत शेतीची अवजारे आहेत. आता पंप आणि छोटी इंजिने यांच्यासाठी एक साधा नियम हवा. प्रत्येक जोडाच्या गॅस्केटचे आतले-बाहेरचे माप, जाडी आणि रबराचा प्रकार माहितीपत्रकात छापावा, तोही मराठीत. यात कोणतेही व्यापारी गुपित उघड होत नाही आणि खर्च एका ओळीचा आहे. दुकानदारांनी शीट विकताना 'काळे रबर' न म्हणता नायट्राइल, ईपीडीएम असे नाव लिहून द्यावे. तालुक्याच्या आयटीआयने पावसाळ्यापूर्वी बागायतदार, मच्छीमार आणि घरचा पंप सांभाळणाऱ्या बायका यांच्यासाठी एका दिवसाचा वर्ग घ्यावा. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला कागदाचा ठसा घेऊन एक गॅस्केट कापून घ्यावे. भूमिती, पदार्थविज्ञान आणि रसायन या तिन्ही विषयांचा उपयोग मुलांना एका चकतीत दिसेल.

यंत्र विकत घेतल्याने ते आपले होत नाही. ते बंद पडल्यावर आपण काय करू शकतो त्यावर ते किती आपले आहे हे ठरते. येत्या उन्हाळ्याआधी विहिरीवरचा सक्शनचा जोड एकदा उघडून पाहा. फ्लँज स्वच्छ करा, पुठ्ठ्यावर ठसा घ्या, माप आणि रबराचे नाव त्याच पुठ्ठ्यावर लिहा आणि तो घरात जपून ठेवा. आणि त्याच दिवशी कुकरची रिंग हातात घेऊन वाकवून पाहा. चिरली असेल तर आयएसआय चिन्ह असलेली नवी आणा. पंपाचे गॅस्केट आपल्या हाताने कापा, कुकरची रिंग चुकूनही कापू नका. मुलांना जवळ बसवून दोन्ही दाखवा, आणि असे का, ते समजावून सांगा.